पडीक रानातली एकेचाळीस माणसं

प्रसेनजीतला कॅसेटच्या कव्हरवर कुणीही नको होतं. ना स्वतःचा चेहरा, ना बहिणीचा, ना ड्रम वाजवणाऱ्या बसवेशचा. ऊस तुटून गेलेलं मोकळं रान, मधोमध एक रिकामी खुर्ची, वर आभाळ आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘पडीक’ एवढंच नाव. दोन वर्षं घाम गाळून तिघांनी नऊ गाणी बसवली होती, आणि कोल्हापुरातली पहिली मराठी रॉकची कॅसेट येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये निघणार होती. साल अठ्ठ्याण्णव.

परदेशी बँडच्या कॅसेटी प्रसेनजीतनं पोटाला चिमटा काढून जमवल्या होत्या. गाणी ऐकायच्या आधी तो कव्हरं वाचायचा. त्यातून त्याला काही नियम सापडले होते. हसायचं नाही. कॅमेऱ्याकडं बघायचं नाही. चौघे असले तर चौघांनी चार दिशांना तोंडं करून, जणू आत्ताच भांडण झालंय असं उभं राहायचं. आणि बँड खरोखर मोठा असेल, तर कव्हरवर कुणी यायचंच नाही. आपला बँड मोठा आहे याबद्दल प्रसेनजीतला शंका नव्हती. ती बाकीच्या कोल्हापूरला होती.

रान बसवेशच्या वडिलांचं, म्हणजे बसाप्पांचं, कसबा बावड्यातलं. फोटोला बाळासो आला. बाळासोनं पंधरा वर्षं लग्नांचे फोटो काढले होते, त्यामुळं त्यानं आल्याआल्या खुर्ची नीट पुसून घेतली.

“झालं. बसणारं माणूस कुठाय?”

“माणूस न्हाय, बाळासो. नुसती खुर्ची काढायची,” प्रसेनजीत म्हणाला.

“नुसती? आणि हसायचं कुणी?”

“कुणीच न्हाय हसायचं.”

बाळासोनं तोंड वाकडं करून एक फोटो काढला. तेवढ्यात बसाप्पा ताकाची कळशी घेऊन बांधावरनं आले. “घ्या पावणं, उन्हाचं ताक घ्या,” म्हणाले, आणि खुर्ची घरचीच असल्यामुळं तिच्यात बसले. बाळासोच्या अंगात एकदम जीव आला. “मालक, पटका सरळ करा! हनुवटी वर! हां, आता हसा की!” असं करत त्यानं उरलेला सगळा रोल बसाप्पांवर संपवला. प्रसेनजीतनं अडवलं नाही. आपला फोटो तर निघालाय, म्हाताऱ्याला कशाला दुखवा, असा त्यानं विचार केला. हाच चांगुलपणा पुढं त्याच्या मुळावर उठला.

चार दिवसांनी पाकीट हातात आलं. आत बसाप्पांचे पस्तीस फोटो होते.

“पैला कुठाय?” प्रसेनजीतनं पाकीट उलटं करून झटकलं. “रिकाम्या खुर्चीचा?”

“त्यो व्हय!” बाळासो म्हणाला. “त्यात कोण आलंच न्हवतं. वाया गेलता. निगेटिव्हमधनंच कापून टाकला. वाया गेलेला फोटू दिला की गिऱ्हाईक बोंबलतंय.”

प्रसेनजीत सायकल हाणत बावड्याला गेला. रानाची नांगरट होऊन पाणी सोडलं होतं. त्या चिखलात खुर्ची सोडाच, बगळासुद्धा जपून पाय टाकत होता. तो बांधावर डोकं धरून बसला. शेवटी बहीण अक्षतानं पस्तीस फोटोंतला एक निवडून काढला. त्यात बसाप्पा हसत नव्हते, कॅमेऱ्याकडं बघतही नव्हते. पलीकडं म्हैस सुटली होती, तिच्याकडं बघत होते.

“दादा, हे चालतंय की,” ती म्हणाली. “फॉरेनच्या कव्हरवर बी म्हातारी माणसं असत्यात.”

प्रसेनजीतनं जड मनानं मान डोलावली. एका माणसावर भागलं, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी जेवताना वडिलांनी फोटो पाहिला. धोंडीराम एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेले, बोलायला कमी. त्यांनी फोटो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि ताटाशेजारी ठेवला.

“चांगलं हाय,” ते म्हणाले. “पोरगं आमचं, गिटार आमी घेऊन दिली, शेजारपाजाऱ्यांच्या शिव्या आमी खाल्ल्या. आणि खुर्चीत बसाप्पा.”

“आबा, तसं न्हाय. हे आर्ट हाय.”

“असू दे की. मी काय म्हटलं का?”

ते भाकरी अर्धी टाकून उठले. धोंडीराम भाकरी टाकून उठले, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. आई सरुबाई पोराकडं नुसती बघत राहिली. ते बघणं प्रसेनजीतला सोसलं नाही. सकाळी तो वडिलांचा पासपोर्ट साईझ फोटो खिशात घालून केरबाच्या छापखान्यात गेला.

केरबाचा छापखाना गंगावेशीत. निम्म्या गावाच्या लग्नपत्रिका त्याच्याकडं छापल्या जात. त्यानं चष्मा कपाळावर चढवून रानाचा फोटो न्याहाळला.

“घालू की आबास्नी. ह्ये बघ, खुर्चीच्या मागं केवढी जागा मोकळी पडलीया!”

“ती मोकळीच ठेवायची हाय, केरबा. तेच तर कव्हर हाय.”

“मोकळी कशापायी? कागद सगळ्याचा लागतोय न्हवं?”

वडील आले म्हटल्यावर आईला वगळून कसं चालेल? सरुबाईंनी स्वतःसाठी हट्ट धरला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “माझा नको बाबा. पण बिद्रीच्या मामाचा घाल. मामाचा मान असतोय. त्येला वगळलंस तर तुझ्या लग्नात अक्षता टाकायला यायचा न्हाय.”

मामा आले. मामा आले म्हणून काका रुसले. काकांना घेतल्यावर, ‘खुर्ची आमची, रान आमचं, आणि आमच्याकडचं एकच माणूस?’ अशी कुजबुज बावड्यात सुरू झाली, तेव्हा बसवेशची आई शांतव्वा आणि तिचे तीन भाऊ दाखल झाले. हॉल मिळवून देणारे आले, स्पीकर देणारे आले. बाळासोनं स्वतःचा फोटो न सांगता दिला. प्रत्येक वेळी प्रसेनजीत ‘नाही’ म्हणायला तोंड उघडायचा, आणि समोरच्या माणसाचा उतरलेला चेहरा बघून मिटायचा. परदेशातल्या बँडवाल्यांना मामा-काका नसावेत, असा त्याचा आता पक्का समज झाला होता.

गुरुवारी गाण्यांची मूळ टेप घेऊन त्याला मिरजेला जायचं होतं. तिथं एक जण त्यावरनं तीनशे कॅसेटी भरून देणार होता. पण मामांनी पाठवलेला फोटो त्यांना स्वतःलाच पसंत नव्हता, दुसरा न्यायला माणूस आला तरच देईन म्हणाले, म्हणून तो गुरुवारी बिद्रीला गेला. तिथं फोटो मानानं हातात द्यायला मामांनी कोट घालेपर्यंत दुपार झाली. मिरजेचं बसवेश बघेल, असं तो धरून चालला.

शनिवारी केरबानं छापील कव्हर पुढ्यात ठेवलं. रानात आता जत्रा भरली होती. आभाळात मामा, काका आणि हॉलवाले गोल चौकटींतून खाली बघत होते. एकेचाळीस चेहरे होते आणि सगळे हसत होते, एक बसाप्पा सोडून. ते अजून म्हशीकडंच बघत होते.

“आमचा बँड कुठाय?” प्रसेनजीतनं विचारलं.

“तुमी घरचीच माणसं. तुमास्नी कशाला फोटू पायजे?”

“आणि नाव? ‘पडीक’ कुठाय?”

“शुभ कामात पडीक म्हणत्यात व्हय रे?” केरबा खवळला. “मी बदललं. वाच.”

वर ठळक अक्षरात होतं, ‘चि. प्रसेनजीत व चि. कु. अक्षता यांचा गीतसोहळा’. तळाला नागमोडी अक्षरात होतं, ‘आमच्या दादाची क्याशेट ऐकायची हं!’ गाण्यांची यादी कुठंच नव्हती. जागा उरली नाही, केरबा म्हणाला. कागदाला सात घड्या पडल्या होत्या, त्यामुळं कॅसेटची डबी मिटेना. त्यावरही त्यानं तोड काढली. प्रत्येक डबीला एकेक रबर लावलं.

प्रसेनजीतला रडू आलं. तो छापखान्याच्या पायरीवर बसून खरोखरच रडला, आणि केरबा आतून ओरडला, “आनंदाचं रडू हाय, रडू दे त्येला!”

रविवारी हॉल फुटायची वेळ आली. लोकांनी रबरं काढली, कव्हरं उलगडली, आपापला चेहरा शोधला आणि शेजाऱ्याला दाखवला. भाषणं इतकी झाली, की ड्रमवरची चादर काढायला वेळच उरला नाही. तीनशेच्या तीनशे कॅसेटी दोन तासांत संपल्या.

मंगळवारी मिरजेहून फोन आला. “मास्टर टेप कधी देताय? कोऱ्या कॅसेटी तुमचा माणूस डब्यांसकट उचलून घेऊन गेला. भरायच्या राहिल्यात.”

प्रसेनजीतनं बसवेशकडं पाहिलं. बसवेशनं प्रसेनजीतकडं पाहिलं. कॅसेटी उचलून आणणारा बसवेशच होता, पण टेप तू दिली असशील, असं दोघांनाही वाटलं होतं. ती प्रसेनजीतच्याच पिशवीत, मामांच्या नापसंत फोटोखाली, सुखरूप होती.

आता लोक दारात येऊन शिव्या घालणार, म्हणून तो दोन दिवस घराबाहेर पडला नाही. कुणी आलं नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण “झकास झालीया क्याशेट!” म्हणून पाठीवर थाप मारायचा. एकानं तर कव्हर फ्रेम करून भिंतीला लावलं होतं. तीनशे घरांत कॅसेट गेली होती आणि एकाही माणसानं ती वाजवून पाहिली नव्हती. दोन वर्षांची नऊ गाणी असली काय आणि नसली काय, गावाला फरक पडला नव्हता. त्याचं जेवण तुटलं. कुणीतरी यावं, कॉलर धरावी आणि फसवलंस म्हणून दोन कानफटात द्याव्यात, एवढीच आता त्याची इच्छा उरली.

तिसऱ्या आठवड्यात बिद्रीचे मामा तावातावानं आले.

“काय रं ए शाण्या! क्याशेटीत कायच न्हाय!”

प्रसेनजीत ताडकन उठला. त्याचे डोळे भरून आले. “मामा! तुमी लावली?”

“लावली म्हंजे? दोन्ही साईडी ऐकल्या. तासभर खरखर ऐकत बसलो!”

“तासभर? माझ्या गाण्यांसाठी?”

“गाणी मरू देत. सुरवातीला माझं नाव घेतलं असशील म्हटलं. सौजन्य बिद्रीचे अमुक अमुक, असं असतंय की क्याशेटीत. न्हाय घेतलंस. म्हटलं मधी असंल, न्हाय. शेवटी असंल, तिथं बी न्हाय!”

प्रसेनजीत मटकन खाली बसला. पण अक्षता दारात उभी राहून ऐकत होती, आणि ती मामांकडं अशी बघायला लागली, की मामाच जरा मागं सरले.

“मामा, मशीनची चूक झाली,” ती गोड आवाजात म्हणाली. “सगळ्यांच्या क्याशेटी परत मागवतोय. एकेचाळीस जणांचं नाव घेतोय, तुमचं बी.”

“सुरवातीला का?”

“ते काय सांगता यायचं न्हाय. कुणाचं नाव कुठल्या गाण्यामागं येतंय, ते लावूनच बघायचं. आणि पुढं पळवू नगा, एकदाच येतंय, निसटून जाईल.”

नऊ गाण्यांच्या मधेमधे नावं पेरून कॅसेटी मिरजेत नव्यानं भरल्या गेल्या. त्या महिन्यात कोल्हापुरात, बावड्यात आणि पार बिद्रीपर्यंत घराघरांत माणसं टेपरेकॉर्डरला कान लावून बसली. पोरांना गप्प केलं गेलं, मिक्सर बंद झाले, गिटारचा सूर संपेपर्यंत कुणी हलायचं नाही असा दम भरला गेला. बसाप्पांचं नाव सहाव्या गाण्यानंतर होतं. धोंडीरामांनी पहिल्यांदा पोराचं गाणं सबंध ऐकलं, आणि आपलं नाव येऊन गेल्यावरही ते टेप बंद करायला उठले नाहीत. भाकरी मात्र त्या दिवशी सगळी संपवली.

मामांचं नाव अक्षतानं नवव्या गाण्याच्या पार शेवटी टाकलं होतं. ते पुन्हा आले ते तिसऱ्या गाण्याची चाल गुणगुणतच. प्रसेनजीत दारापर्यंत धावला.

“मामा, ऐकली? सगळी?”

“सगळी ऐकली,” मामा गुणगुणणं थांबवून म्हणाले. “नावाआधी ‘श्रीयुत’ म्हटलेलं न्हाय. परत भरून दे.”