अनुभव, झोळीच्या दोरीसकट

नोकरी निवडावी तर माझ्यासारखी! धानाच्या खोडकिडीवर पीएच.डी. करता करता दोन कामं चालून आली होती. एक भंडाऱ्याच्या कचेरीत, पंख्याखाली, पक्क्या पगाराचं. दुसरं भंडाऱ्याजवळच्याच शहापूरकडच्या एका कॉलेजात, तासिकेवर शिकवायचं.

"कचेरीतली खुर्ची सोडून कायले तासाच्या मागं लागून राहिली?" आमचे हे म्हणाले.

"मला विद्यापीठात प्राध्यापक व्हायचंय! तिथं खुर्ची उबवल्याचा अनुभव कोण विचारतो? शिकवलेलं पाहतात!"

राहिला प्रश्न आठ महिन्यांच्या गोपूचा. शेजारच्या रेवताबाई म्हणाल्या, "ठेव ना वो मायापाशी!" पण त्यांच्या अंगणात चिंच! चिंचोका दिसला की मला तो गोपूच्या घशात अडकलेला आणि पुढचं ऑपरेशनच दिसायचं. शेवटी वर्गाच्या आढ्यालाच झोळी टांगली. उजव्या हातात खडू, डाव्यात झोळीची दोरी. एक मुद्दा, एक झोका! कोणी फिसकन हसलं की मागचा बाक दटावायचा, "चूप बे! गोपू उठते ना!" एवढा शांत वर्ग पाहून प्राचार्य गहिवरले. मी वर्षभर फुशारून फिरले!

मग विद्यापीठात मुलाखत. जागा एकच. गोपू यांच्या कडेवर, बाहेर कडुलिंबाखाली. आत फळ्याला लागून खिडकी, खिडकीखाली विभागप्रमुख.

"शिकवून दाखवा," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. शब्द फुटेना! विषय तोंडपाठ, पण डावा हात रिकामा! पंजा तळ्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखा तडफडू लागला. चाचपता चाचपता पडद्याची दोरी सापडली.

"खोडकिडीची मादी..." झोका! "पानाच्या शेंड्याजवळ..." झोका! "अंडी घालते!" जोरात झोका!

धाडकन दांडीसकट अख्खा पडदा विभागप्रमुखांच्या डोक्यावर!

पडद्यात ते झोळीतल्यासारखे गुंडाळले गेले. आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "श्श! झोपला वाटतं."

पडद्याखालून आवाज आला, "नाही बाई, जागा आहे. अंड्यांचं पुढं काय होतं?"

शेजारच्या परीक्षकांनी चष्मा पुसला. "अनुभव किती?"

"एक वर्ष, सर."

"शिकवण्याचा की झोपवण्याचा?"

परतताना एसटीत कचेरीतला तो पंखा आठवून मी ढसाढसा रडले. गोपूनं साथ दिली.

तरी जागा मिळाली हो! पहिल्या तासाला गेले तर दारात शिपाई नत्थू, हातात नवी दोरी.

"मोठ्या सायबानं देल्ली, मॅडम. म्हणे, एक टोक टेबलाले बांधजा. पडद्याले हात नोका लावू."

मी रागानं ती टेबलाखाली भिरकावली. ताठ मानेनं फळ्यापाशी गेले. तोंड उघडलं.

मग मुलांना "एक मिनिट हं" म्हणाले आणि टेबलाखाली वाकले.