नववा ठराव आणि माझा घेवडा

माझा घेवडा खाऊन माणूस कशालाही हो म्हणतो! हे मी उगाच सांगत नाही. माझ्या नवऱ्याने लग्नाला होकार दिला तो दुसऱ्या वाटीनंतर, आणि चर्चच्या छपराला कायम नकार देणाऱ्या कंजूष पंचांनी सही केली ती तिसऱ्या वाटीनंतर. मडक्यात घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस, वर मेपलचा पाक, आणि रात्रभर मंद आच. एवढ्या भांडवलावर मी यंदा गावसभा जिंकायला निघाले होते.

आमचं नॉर्थ हॅरो हे व्हरमाँटच्या डोंगरातलं गाव. मार्चच्या पहिल्या मंगळवारी सगळं गाव सभागृहात जमतं आणि वर्षाचा कारभार हात वर करून ठरवतं. रस्त्यावर किती वाळू टाकायची इथपासून अमेरिकेने जगाशी कसं वागायचं इथपर्यंत सगळं. बायका विणकाम घेऊन येतात, पुरुष तोंडं घेऊन येतात.

मी सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवते आणि मधल्या वेळात, फुकट, गावाची अँब्युलन्स. ती अँब्युलन्स माझ्या धाकट्या मुलापेक्षा वयाने मोठी आणि त्याच्याहून हट्टी. जुलैत तिची सरकारी तपासणी होती आणि त्यात ती नापास होणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग चाळीस मैलांवरच्या शहरातून खासगी गाडी बोलवायची, म्हणजे ती येईपर्यंत माणसाने धीर धरायचा. नवीन गाडीचा ठराव गेल्या वर्षी एका मताने पडला होता. एका!

ते मत कुणाचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऑर्विल पीसली, वय एकोणऐंशी, माझ्या शेजारच्या टेकडीवर राहणारे. ऑर्विलकाकांनी पन्नास वर्षांत गावसभेत एकदाही 'हो' म्हटलेलं नाही. मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर करायलासुद्धा ते 'नाही' म्हणतात. पण या ठरावाला त्यांचं 'नाही' वेगळं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, आयडाकाकूंना, झटका आला तेव्हा आमची अँब्युलन्स सुरूच झाली नाही, म्हणून शहरातली आली. काकूंना मातीत ठेवून सहा आठवडे झाले आणि त्या गाडीचं बिल आलं : दोन हजार तीनशे डॉलर. ते बिल काका टोपीच्या आत घडी करून ठेवतात. माझं म्हणणं, म्हणूनच आपली चांगली गाडी हवी. त्यांचं म्हणणं, म्हणूनच कुठलीच गाडी नको. कागद एकच, आम्ही दोघं तो उलटसुलट वाचायचो.

तर माझा बेत असा. जेवण दुपारी बारा वाजता. नववा ठराव, म्हणजे अँब्युलन्स, जेवणानंतर लगेच. पोटं भरलेली, डोळे जड, तोंडात मेपलचा गोडवा. मी दुप्पट घेवडा करायला घेतला आणि भाषणही लिहायला घेतलं. भाषण लिहिण्याच्या नादात घेवडा भिजत घालायचा राहिला, पण मी तो तसाच उकळला. चवीला काडीचा फरक नव्हता!

ऑर्विलकाकांना मी स्वतः वाढलं. पहिली वाटी चाटूनपुसून संपवली. दुसरी वाटी स्वतःच पुढे केली. तिसरीला म्हणाले, "लोर्ना, घेवडा चांगला आहे. मत मिळणार नाही."

"मी कुठे मागितलं?"

"भाषण खिशातून डोकावतंय तुझं."

मी भाषण आत ढकललं. जेवण होऊन सभा पुन्हा बसली आणि माझ्या बेताला पहिली ठेच लागली. नवव्याच्या आधी आठवा असतो, हे मी विसरले होते!

आठवा ठराव दरवर्षी हेस्टर प्रॅटबाईंचा. बाई शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्या, तेव्हापासून त्यांचं लक्ष जगाकडे. ठराव असा, की परदेशी असलेलं आपलं सगळं सैन्य घरी बोलवावं आणि वाचलेल्या पैशात सगळ्या अमेरिकनांना औषधपाणी फुकट करावं. तसं पत्र गावाने राष्ट्राध्यक्षांना पाठवावं. विरोधात दरवर्षी गस लामोरो. गसचं गुरांच्या खाद्याचं दुकान, तरुणपणी नौसैनिक, चार समुद्र पाहिलेला. त्याचं म्हणणं, आपण घरी आलो तर जगात दंगा होईल, आणि फुकट औषधपाणी म्हणजे शेजाऱ्याच्या गुडघ्याचे पैसे आपल्या खिशातून.

एरवी हे अर्ध्या तासात आटपतं. पण त्या दिवशी सगळ्यांच्या पोटात माझा घेवडा होता, अंगात ताकद होती! कुणी म्हणालं, सैन्य बोलवा पण थंड देशांतलं आधी. त्यावर उपसूचना. कुणी म्हणालं, कॅनडा वीस मैलांवर आहे, तिथे सैन्य आहे का नाही ते आधी बघा. उपसूचनेला उपसूचना. मग राष्ट्राध्यक्षांच्या पत्राचं तिकीट रस्त्याच्या निधीतून लावायचं की ग्रंथालयाच्या, यावर वीस मिनिटं. आमचे अध्यक्ष विन्स्लो टटल हे घड्याळजी. नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ. कुणीही परवानगीशिवाय बोललं की हातोडा!

मग चर्चा औषधपाण्यावर आली आणि सभागृह पेटलं. ज्याला त्याला स्वतःचं बिल आठवलं. एकीने अपेंडिक्सच्या ऑपरेशनचं सांगितलं, तर दुसरा म्हणाला तेवढ्या पैशात माझा नुसता एक्स-रे काढला. गस म्हणाला त्याच्या खांद्याला ट्रॅक्टरपेक्षा जास्त खर्च आला. "मग माझ्याच बाजूला ये ना बाबा," असं हेस्टरबाई म्हणाल्या, तर तो म्हणाला, खर्च आला तो माझा होता, मी कुणाला भरायला सांगितला नाही.

याच वेळी ऑर्विलकाका बोलायला उठले. टोपी काढली, आतला कागद हातात घेतला, दुसरा हात छातीवर ठेवला आणि सावकाश, एखादी म्हैस बसावी तसे, खाली जमिनीवर बसले. मग आडवे झाले.

क्षणभर सभागृहात विणायच्या सुया तेवढ्या वाजल्या. मी धावले. माझ्यामागून डेल्फिन धावली. डेल्फिन गॅन्यों, अँब्युलन्समध्ये मागे बसून नाडी बघते ती. काकांचा चेहरा भिजल्या पिठासारखा झाला होता, कपाळावर घाम. छातीत दुखतंय म्हणाले. डेल्फिनने मान हलवली : हलवायला हवं, लगेच.

सगळे एकदम बोलायला लागले. विन्स्लोंनी हातोडा आपटला. सवयच त्यांची! "एका वेळी एकानेच बोलावं. जमिनीवरच्या सभासदांना काही म्हणायचं असेल तर त्यांनी हात वर करावा."

काकांनी आडव्यानेच हात वर केला. "अध्यक्ष महाराज, हरकतीचा मुद्दा. मी अँब्युलन्समधून जाणार नाही."

"काका, गाडी दारात आहे," मी म्हटलं. "गावाची आहे. बिल येत नाही तिचं."

"हॉस्पिटलचं येईल. आणि नववा ठराव अजून व्हायचाय. मी गेलो तर एक 'नाही' कमी होईल."

आता सांगा! माणूस मरणाच्या दारात आणि मतं मोजतोय! पण मी त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले होते, त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि तो कागद आमच्या दोघांच्या मध्ये चुरगळत होता. आयडाकाकूंचा हातही मीच धरला होता, बंद पडलेल्या गाडीत, शहरातली येईपर्यंत. पन्नास मिनिटं.

"ऐका," मी म्हटलं. "गाडी मी चालवणार. माझं 'हो' आहे. तुम्ही एक 'नाही' नेता, मी एक 'हो' नेते. फिटंफाट."

काकांनी विचार केला. मग डोळ्यांनी डेल्फिनकडे खूण केली. "आणि ही?"

"ही पण 'हो' आहे," मी म्हटलं.

"म्हणजे एका 'नाही'साठी दोन 'हो' जातात. हा सौदा तुझ्या तोट्याचा आहे, पोरी. गेल्या वेळी एकाच मताने पडलीस."

"ठाऊक आहे. उठा."

काकांनी चुरगळलेल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "टोपी द्या माझी."

स्ट्रेचर आत गेलं. मी किल्ली फिरवली. अँब्युलन्सने म्हाताऱ्या कुत्र्यासारखी एकदा कूस बदलली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. काही नाही. तीन वर्षांपूर्वीचा तोच आवाज, तीच शांतता. मागून काकांचा आवाज आला, "अशीच करते ही."

मी दार उघडून "ढकला" एवढंच म्हटलं. सभागृह रिकामं झालं! विणकामासकट बायका, पाईपसकट म्हातारे, पन्नास-साठ माणसं बर्फाच्या चिखलात. मागच्या दाराला डावीकडून गस आणि उजवीकडून हेस्टरबाई, खांद्याला खांदा लावून, आणि तेवढ्यातही सैन्य परत आणायचं की नाही हे चालूच. विन्स्लो पायऱ्यांवर उभे राहून विचारत होते, की सभा तहकूब करण्याची सूचना कुणी मांडतंय का. कुणी ऐकलं नाही. चर्चच्या उतारावर गाडीने एक ढेकर दिला आणि धावायला लागली. आरशात सगळं गाव हात हलवत होतं. त्यातले निम्मे गेल्या वर्षीचे 'नाही' होते.

चाळीस मैल मी कशी चालवली ते मला विचारू नका. हॉस्पिटलात काकांना तारा लावल्या, रक्त काढलं, पुन्हा तारा लावल्या. मी आणि डेल्फिन बाहेर बाकावर. माझ्या खिशात ते भाषण होतं, आणि घड्याळात साडेतीन. एव्हाना ठराव पडला असणार, हे मी मनाशी मान्य करून टाकलं. काका जगले तर पडू दे.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण, गंभीर. हृदय घोड्यासारखं आहे म्हणाल्या. मग विचारलं, "आज दुपारी यांनी काय खाल्लं?"

डेल्फिनने हळूच माझ्याकडे पाहिलं.

"घेवडा," मी म्हटलं.

"किती?"

"तीन वाट्या."

"नीट भिजवलेला होता?"

मी खिडकीतून बाहेर बघायला लागले. तेवढ्यात पडद्याआडून असा काही आवाज आला, की नर्सने ट्रे खाली ठेवला. पाठोपाठ काकांचा तृप्त उसासा. छातीतलं दुखणं गेलं म्हणाले!

परत येताना अँब्युलन्स पुलाजवळ कायमची बसली. एका दुधाच्या टँकरवाल्याने आम्हाला गाडीत घेतलं. पुढच्या बाकावर आम्ही चौघं, आणि काकांच्या पोटातलं सगळं अजून बाहेर पडायचं होतं. टँकरवाल्याने मार्चच्या थंडीत दोन्ही काचा उघड्या ठेवल्या.

गावात शिरलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. सभागृहात दिवे होते. आता फक्त किती मतांनी पडला ते ऐकायचं, म्हणून मी दार ढकललं.

आठवा ठराव चालू होता!

सभा रीतसर तहकूब न करताच सगळे बाहेर पळाले होते, म्हणून ती अजून सभा आहे की नाही यावरच तास गेला होता. मग परराष्ट्र धोरण पुन्हा पहिल्यापासून. हेस्टरबाईंचा आवाज बसला होता, गस हातवाऱ्यांवर आला होता. काकांना आपल्या पायांनी आत येताना पाहून टाळ्या पडल्या, आणि त्या भरात विन्स्लोंनी हातोडा आपटून आठवा ठराव मताला टाकला, पास केला आणि नववा पुकारला.

मी भाषण बाहेर काढलं. त्याआधी ऑर्विलकाकांचा हात वर.

"अध्यक्ष महाराज, उपसूचना. नव्या गाडीत पायाकडच्या बाजूला हीटर असावा. आणि टोपी अडकवायला खुंटी. मी आज आतून पाहून आलोय."

उपसूचना पास. मग मूळ ठराव. ज्या हातांनी गाडी ढकलली होती ते सगळे वर गेले, चिखलासकट. मला मोजवेना, डोळ्यांत पाणी आलं होतं.

"विरोधी मतं?" विन्स्लोंनी विचारलं.

"नाही," ऑर्विलकाका म्हणाले. एकटेच.

"ऑर्विल, आत्ता तुम्हीच खुंटी मागितलीत."

"घेणार असाल तर नीट घ्या. पण घेऊ नका."

तर माझा ठराव पास झाला. भाषण खिशातच राहिलं, पण त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. मी विन्स्लोंनी पुस्तक मिटण्याची वाट बघत होते, घरी जाऊन पाय वर करून बसणार होते. शेवटचा विषय 'आयत्या वेळचे' असतो. त्यात सहसा जेवण केलेल्यांचे आभार मानतात. ऑर्विलकाका पुन्हा उठले. डॉक्टरांचा कागद त्यांनी टोपीतून काढला. जुन्या कागदाशेजारी तो ठेवलेला मला दिसला.

त्यांनी तो शांतपणे वाचून दाखवला. कारणासकट! मग सूचना मांडली : पुढच्या वर्षापासून लोर्नाने सभेच्या जेवणाला फक्त पाव आणावा.

हेस्टरबाईंनी अनुमोदन दिलं. गसनेही दिलं. आठ तासांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"अनुकूल?" सगळे हात वर. आणि सगळ्यांच्या वर, टोपीसकट, ऑर्विल पीसलींचा. पन्नास वर्षांतलं त्यांचं पहिलं 'हो'!

"विरोधी मतं?"

मी हात अर्धा वर नेला होता. पण त्या दिवशी घेवडा मीही दोन वाट्या खाल्ला होता, आणि नेमकं तेव्हाच माझ्या पोटात असं काही गुरगुरलं, की मी हात खाली आणला आणि दाराची वाट धरली. इतिवृत्तात लिहिलंय : ठराव एकमताने मंजूर.