सर्वसुलभ हाणामारीचे मूल्यमापन

खेळ सुलभता मंडळाचा एक नियम होता. ज्या व्हिडिओ गेमला ‘सोपा’ हा शिक्का हवा असेल, तो गेम मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ अधिकाऱ्याने स्वतः खेळून जिंकला पाहिजे. ज्येष्ठाला जमले ते सगळ्यांना जमते, असा त्यामागचा उदात्त विचार होता. विचार करणाऱ्याने ज्येष्ठ अधिकारी जवळून पाहिलेला नसावा.

मंडळात ठोसेबाई नावाच्या हंगामी परीक्षक होत्या. हे नाव कचेरीनेच त्यांना दिले होते, कारण लहानपणी भावाशी खेळून खेळून त्यांचा अंगठा असा तयार झाला होता की बटणच दमून जाई. आता त्यांच्यापुढे एक नवा गेम आला होता, आणि त्याचा अहवाल बिनतक्रार मंजूर झाला तर बाई कायम होणार होत्या. हंगामी माणसाला त्या कचेरीत पंख्याखाली बसता येत नसे, त्यामुळे प्रश्न खरोखरच जिव्हाळ्याचा होता.

गेमचे नाव ‘जोडीचा दणका’. जपानी ॲनिमेच्या धाटणीचा. बशीएवढे डोळे आणि पेटलेले केस असलेले वीर. दोन्ही बाजूंना दोन-दोन लढवय्ये. एक लढतो, दुसरा बाहेर थांबतो, आणि आतला दमला की बाहेरच्याला आत घ्यायचे. असल्या गेममध्ये एरवी बटणांच्या गर्दीत बोटांना गाठी बसतात. इथे बटणे तीनच होती: ठोसा, झेप आणि जोडीदार. ठोसा दाबून धरला की वीर आपला आपणच सपासप हाणत सुटे.

बाई दिवसभर खेळल्या आणि खूश झाल्या. आत शिरायला सोपा, पण जोडीदाराला नेमके केव्हा बोलवायचे यात खरी गंमत होती. घाई केली तर ताजा गडी वाया जाई, उशीर केला तर दोघेही गारद. ‘सोपा आहे, आणि तरीही डोकं वापरायला लावतो,’ असे मत त्यांनी देऊन टाकले. मग नियमाप्रमाणे गेम सर्वांत ज्येष्ठ अधिकाऱ्यापुढे, म्हणजे साहेबांपुढे, मांडण्यात आला.

साहेबांनी चष्मा पुसला, पडद्याकडे करड्या नजरेने पाहिले आणि लढत सुरू होताच ‘जोडीदार’ दाबले.

“साहेब, ठोसा मारा ना,” बाई म्हणाल्या.

“थांबा हो. आधी त्याला परिस्थिती समजून घेऊ दे.”

“तो मार खातोय, साहेब.”

“मग दुसऱ्याला बोलवू.”

“हा दुसराच आहे. आत्ताच आलाय.”

“मग पहिल्याला.”

दारात ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करणाऱ्या पाहुण्यांसारखे दोन्ही वीर आत-बाहेर, आत-बाहेर करीत राहिले, आणि समोरचा गडी जो सापडेल त्याला बदडत राहिला. साहेब हरले. पुन्हा खेळले, पुन्हा हरले. त्यांच्या अंगठ्याने ठोशाच्या बटणाला अखेरपर्यंत शिवले नाही.

“गेम अवघड आहे,” साहेबांनी निदान केले. नाचता येईना अंगण वाकडे, हे सगळ्यांचेच होते. पण साहेबांकडे अंगण दुरुस्त करून घेण्याचा अधिकार होता. निर्मात्याला बोलावणे गेले.

निर्माता कित्येक महिने नीट न झोपलेला, भिडस्त माणूस होता. तो हात जोडून म्हणाला, “साहेब, एकदा ठोसा मारून बघा. लगेच जिंकाल.”

“मारायचा कुणी?”

“खेळणाऱ्याने.”

“म्हणजे मी?” साहेबांना हा अपमान वाटला. “अहो, मी सगळी नोकरी या खात्यात काढली. स्वतः एकदाही काही मारलं नाही, उचललं नाही, ठरवलं नाही. आलेलं पुढे ढकललं. आणि बघा कुठवर पोचलो!”

या युक्तिवादात खोट काढणे अवघड होते, कारण साहेब खरोखरच तिथवर पोचले होते. शेरा पडला: ठोशाची सोय अनावश्यक असून ज्येष्ठांवर अन्याय करणारी आहे. ठोसा काढण्यात आला.

आता समोरचा गडी एकटाच मारू लागला. हे एकतर्फी असल्याची हरकत विधी शाखेने घेतली, म्हणून त्याचाही ठोसा काढला. ठोसाच नाही म्हटल्यावर झेप कशावर घालायची? झेपही गेली. उरले चार वीर, जे पेटलेल्या केसांनिशी एकमेकांना आत-बाहेर बोलावीत होते. कोणी जिंकेना, कोणी हरेना. पण जिंकल्याशिवाय शिक्का मिळत नव्हता, तेव्हा सर्वानुमते ठरले की जो जास्त वेळा जोडीदाराला पुढे करील तो विजयी.

साहेब पहिल्याच फटक्यात जिंकले. कचेरीने टाळ्या वाजवल्या. खोक्यावर वळलेल्या मुठीचे चित्र होते, तिथे दुसरीकडे दाखवणारे बोट छापायचे ठरले.

बाईंना त्या रात्री जेवण गेले नाही. “चांगल्या गेमचं वाटोळं केलं रे आम्ही,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “उद्या मंडळाचे अध्यक्ष येणार आहेत. मला विचारलं तर मी खरं सांगणार.”

“सांग की,” नवरा भात कालवीत म्हणाला. “खरं सांगायलाच पाहिजे. फक्त कायम झाल्यावर सांग.”

दुसऱ्या दिवशी बैठकीत अध्यक्षांनी खरोखरच विचारले. “परीक्षक बाई, पहिला गेम तुम्ही खेळलात. तो सोपा नव्हता का? मग बदलला कशाला?”

निर्मात्याने मान वर करून बाईंकडे पाहिले. त्याच्या नजरेत एवढी आशा होती की बाईंना ती सोसवेना. ‘पहिलाच चांगला होता, तोच ठेवा,’ एवढेच म्हणायचे होते. शब्द ओठांवर आले होते. अध्यक्षांच्या डोक्यावरच्या पंख्याची गार झुळूक अंगावरून गेली.

“ते... साहेबच नीट सांगू शकतील,” बाई म्हणाल्या.

“निर्माते सांगतील. गेम त्यांचा आहे,” साहेब म्हणाले.

निर्मात्याने पुन्हा हात जोडले. मग म्हणाला, “मंडळ म्हणेल तसं.”

“वा!” अध्यक्ष भारावले. “याला म्हणतात संघभावना.”

अहवाल बिनतक्रार मंजूर झाला. बाई कायम झाल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी रडू येईपर्यंत वाटली. आणि कायम झाल्याचा आनंदही काही खोटा नव्हता. निर्माता जाताना त्यांना “अभिनंदन” म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागले.

गेम धडाक्यात खपला. थोरामोठ्यांना तो शिकवावाच लागला नाही. नळ गळतोय म्हटले की घराघरांत बाप आईकडे बघे, आई सासूकडे, सासू देवाकडे. त्यांना नवीन काय शिकायचे होते! तक्रार फक्त काही पोरांनी केली की यात लढाई कुठे आहे. ती तक्रार योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आली. योग्य विभागाने ती अधिक योग्य विभागाकडे पाठवली.

आता हे वाचून तुम्ही हळहळला असाल. म्हणाल, त्या बाईने तोंड उघडायला हवे होते. निदान त्या निर्मात्याने तरी. नाहीतर अध्यक्षांनी, वर्तमानपत्रांनी, गेलाबाजार त्या पोरांच्या आईबापांनी. कुणीतरी काहीतरी करायलाच हवे होते.

पाहिलेत? एका दमात इतक्या वेळा जोडीदार पुढे केलात. साहेबांनाही हा वेग जमला नव्हता. अभिनंदन, तुम्ही जिंकलात.