जानेफळचा न उघडलेला ट्रॅक्टर

खेळणं हे खेळण्यासाठी असतं, हा गैरसमज आपल्या समाजात फार खोल रुजला आहे. तो मुळासकट उपटण्याचं काम जगभर अनेक थोर माणसं करत आहेत. बुलढाणा जिल्ह्यापुरती ती जबाबदारी जानेफळच्या तुळशीरामांनी उचलली होती.

तुळशीराम वयाने अठ्ठावन्न. धंदा भाजीपाल्याचा, म्हणजे तीन एकरांत वांगी, टमाटे आणि लहर आली तर सांबार, म्हणजे कोथिंबीर. पण हे झालं पोटापुरतं. त्यांच्या घराच्या मधल्या खोलीत काचेची दोन कपाटं होती आणि त्यांत ओतीव धातूची तीनशे बारा छोटी वाहनं आपापल्या बंद डब्यांत विराजमान होती. जीप, रोडरोलर, आगीचे बंब, दुमजली बस. ओल धरू नये म्हणून गोळ्यांच्या बाटल्यांतल्या पांढऱ्या पुड्या जमवून प्रत्येक खणात ठेवलेल्या. (घरचा खरा ट्रॅक्टर कडुनिंबाखाली उघड्यावर उभा असे आणि त्याच्या सीटवर कोंबडी अंडी घाली. पण तो मोठा होता, त्याला सोसत असे.)

'जानेफळ व पंचक्रोशी लघुवाहन संग्राहक मंडळा'चे ते संस्थापक अध्यक्ष. मंडळाच्या मते या खेळण्यांच्या इतिहासाचे दोन कालखंड पडतात. पहिलं अंधारयुग. त्यात कारखानदार जस्ताचा रस साच्यात ओतून मोटारी काढत आणि थेट पोरांच्या हाती देत. पोरं त्या मातीत चालवत, एकमेकींवर आदळत, क्वचित चावत. अपरिमित हानी झाली. पुढे तीच पोरं मोठी झाली, नोकरीधंद्याला लागली आणि आपण लहानपणी केवढा अनर्थ केला हे त्यांना उमगलं. तिथून प्रबोधनाचा काळ सुरू झाला. आता मोटारी मोठी माणसं घेतात आणि त्यांना कुणी हात लावत नाही.

प्लास्टिकच्या जोडणी-संचांचं तत्त्वज्ञान याहून वरचं. डब्यात विमानाचे दोनशे चौदा तुकडे येतात. ते कापून, घासून, चिकटवून विमान करायचं असतं. पण एकदा जोडलेला संच न जोडलेला राहत नाही, म्हणून तो जोडायचा नसतो. मंडळाचे सचिव प्रसेनजित मास्तर यांच्याकडे असे एकवीस संच होते आणि पंधरा वर्षांत त्यांनी त्यांतलं एकही विमान होऊ दिलं नव्हतं.

मंडळाची सभासदसंख्या दोन. पैकी विवाहित शंभर टक्के. पत्नी या विषयावर बोलते असे शंभर टक्के. पत्नी चांगलं बोलते असे, आकडेवारी उपलब्ध नाही.

संग्रहाचा मुकुटमणी म्हणजे लाल ट्रॅक्टर. खऱ्याच्या त्रेचाळिसाव्या हिश्शाएवढा. मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या मामांनी तो विलायती डबा तुळशीराम नऊ वर्षांचे असताना आणला होता. डब्याला खिडकी नव्हती, नुसतं चित्र होतं. तुळशीराम उघडायला धावले तेव्हा आई म्हणाली, "आता उघडू नको, मोडशीन. मोठा झाला का उघड." ते मोठे झाले. मग उघडायच्या वयाचे राहिले नाहीत. अशी एकोणपन्नास वर्षं गेली.

यंदा मेहकरला एका मंगल कार्यालयात मंडळाने प्रदर्शन भरवलं. पुण्याहून परीक्षक म्हणून अनुपमाताई आल्या. संग्राहकांच्या महासंघाचं 'अस्पर्श प्रमाणपत्र' देण्याचा अधिकार त्यांना होता. प्रदर्शनात लोकांना पाहायला दोघांचे मिळून तीनशे तेहतीस बंद डबे होते. एकूण प्रेक्षक एकेचाळीस. (पैकी अडतीस शेजारच्या हॉलमधल्या साखरपुड्याचे. जेवण इथे नाही हे कळल्यावर ते शांततेत परतले.)

अनुपमाताईंनी पांढरे हातमोजे घालून लाल ट्रॅक्टरचा डबा उचलला. कडा पाहिल्या, कोपरे पाहिले, चिकटपट्टी पाहिली. मग कानाशी नेऊन हळूच हलवला.

डबा खुळखुळला.

"काका," त्या म्हणाल्या, "यात नक्की ट्रॅक्टरच आहे ना?"

तुळशीरामांनी डब्यावरच्या चित्राकडे पाहिलं. हा प्रश्न एकोणपन्नास वर्षांत त्यांना कुणी विचारला नव्हता. वाईट म्हणजे, त्यांनी स्वतःलाही नव्हता.

"चित्र हाय ना जी त्याच्यावर," ते कसेबसे म्हणाले.

"चित्र डब्याचं झालं. आतली वस्तू पाहिल्याशिवाय प्रमाणपत्र देता येत नाही. आणि आतली वस्तू पाहायला डबा उघडलात, तर मग ते अजिबातच देता येत नाही." प्रसेनजित मास्तरांनी हा नियम वहीत उतरवून घेतला. इतका निर्दोष नियम त्यांनी शिक्षण खात्यातही पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून तुळशीरामांचं अन्नावरचं मन उडालं. वांग्यांना पाणी सोडून ते बांधावर बसत आणि पाणी शेजाऱ्याच्या वावरात जाई. घरी आले की डबा कानाशी धरून हलवत. खुळखुळ. पत्नी सरस्वतीबाईंनी चार दिवस पाहिलं.

"अवो, उघडून पाहा ना एकडाव. काऊन जिवाले घोर लावून घेता?"

"उघडलं का मेलं ते."

"अन आता जित्तं हाय काय?"

यावर मंडळाच्या घटनेत उत्तर नव्हतं.

मार्ग मास्तरांना सुचला. "भाऊ, माणसाचं पोट न फाडता आतलं दिसते का नाही?"

दुसऱ्या दिवशी दोघं डबा गमछ्यात गुंडाळून मेहकरच्या एक्स-रे केंद्रात गेले. तिथला निवृत्ती जानेफळचाच, त्यामुळे त्याने फार प्रश्न विचारले नाहीत, फक्त फॉर्म भरला. पेशंटचं नाव, ट्रॅक्टर तुळशीराम. वय एकोणपन्नास. तक्रार, हलवल्यावर खुळखुळते. लिंग या रकान्यात त्याने जरा विचार करून रेघ मारली. मग डबा टेबलावर निजवला आणि सवयीने ओरडला, "श्वास रोखा!" तुळशीरामांनी रोखला.

फिल्म उजेडासमोर धरली तेव्हा तिघंही पुढे वाकले. काळ्या अंधारात पांढराशुभ्र ट्रॅक्टर उभा होता. इंजिन, सीट, नखाएवढं स्टिअरिंग. तुळशीरामांनी डोळे पुसले. आपलं बाळ पोटात पहिल्यांदा पाहिल्यावर माणूस पुसतो तसे.

"हाय वं माय," ते म्हणाले, "ट्रॅक्टरच हाय."

निवृत्तीने पेनाचं टोक एका ठिपक्यावर ठेवलं. "पण पुढचं डावं चाक निखळलं, काका. बाकी हाडं साबूत हायेत."

येताना बसमध्ये तुळशीरामांनी डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला. ज्या मोडण्याच्या धाकाने त्यांनी ट्रॅक्टरला आयुष्यभर हात लावला नव्हता, ते मोडणं त्याने आत एकट्यानेच, कुणाची मदत न घेता उरकलं होतं.

फिल्म पुण्याला पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आलं. 'वस्तू ट्रॅक्टर असल्याबद्दल समाधान वाटले. तथापि क्ष-किरण डब्याच्या एका बाजूने आत शिरून दुसरीकडून बाहेर पडले असल्याने सदर वस्तू यापुढे अस्पर्श मानता येणार नाही. कळावे.'

तुळशीरामांनी पत्र दोनदा वाचलं. सरस्वतीबाई समोर वांगी चिरत होत्या. त्यांनी चाकू पदराला पुसला आणि मूठ नवऱ्याकडे करून पुढे धरला.

चिकटपट्टी कापली. जुन्या पुठ्ठ्याचा आणि कुठल्यातरी परदेशातल्या थंडीचा वास आला. ट्रॅक्टर तळहातावर घरंगळला.

"एवढूसाच?" सरस्वतीबाई म्हणाल्या. "ह्याच्यासाठी म्या तीस वर्षं कपाट पुसून राह्यली?"

चाक कोपऱ्यात पडलं होतं. तुळशीरामांनी ते आसाला लावून दाबलं. टक्. दुरुस्तीला लागलेला एकूण वेळ, दोन सेकंद.

मग ते उठले आणि वांग्याच्या वावरात गेले. इकडे तिकडे पाहिलं, सरीत गुडघे टेकले आणि ट्रॅक्टर मातीवर ठेवून पुढे ढकलला. तोंडातून आपोआप आवाज निघाला, "घुर्रर्र." अठ्ठावन्न वर्षांच्या छातीतून निघालेला तो आवाज चांगलाच भारदस्त होता. सरीत पाठीमागे दोन नाजूक चाकोऱ्या उमटल्या. तुळशीराम त्यांच्याकडे बघत राहिले आणि एकदम हसायला लागले.

"सरका," मागून सरस्वतीबाई म्हणाल्या. "मले द्या."

"अवं, माही पाळी सरू दे ना!"

"सरली तुमची पाळी."

तेवढ्यात प्रसेनजित मास्तर पंचनाम्याची वही घेऊन बांधावर अवतरले. अध्यक्षांनी घटनेची पायमल्ली केल्यामुळे त्यांना मंडळातून काढण्याचा ठराव त्यांनी तिथेच मांडला. ठरावाच्या बाजूने एक, विरोधात एक. बरोबरी झाल्यास अध्यक्षांचं मत निर्णायक, असं घटनेत होतं. तुळशीराम हातात ट्रॅक्टर घेऊन खाली बसले होते. त्यांना फार वेळ नव्हता. "काढून टाक मले," ते म्हणाले. ठराव मंजूर झाला.

मास्तरांनी वही मिटली. मग चपला काढून सरीत उतरले.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "उताराले सोडून पाहू का एकडाव?"

ट्रॅक्टर आता पाटाच्या चिखलाने भरलेला असतो. मागचं एक चाकही गेलं. तो सरस्वतीबाईंच्या चुलीशेजारच्या कोनाड्यात राहतो आणि त्याची किंमत, तज्ज्ञांच्या मते, शून्य आहे.

या खेडवळ प्रकाराला सुज्ञ वाचक हसले असतील. हसावंच. आपल्याकडे असं काही नाही. आहेरात आलेला सहा कपांचा सेट गेल्या चोवीस वर्षांत एकदाच धुतला गेला, तोही धूळ बसली म्हणून. भारीतला शालू एका लग्नाला निघाला आणि ऐनवेळी 'इथे कशाला' म्हणून परत घडीत गेला. रिमोट पिशवीत आहे, आणि सोफ्याचं कव्हर खराब होऊ नये म्हणून त्याच्यावर चादर आहे. हे सगळं निराळं. आणि हा मजकूर मोबाइलवर वाचताना अक्षरं जराशी धुरकट दिसली असतील, तर तो लेखकाचा दोष समजू नये. दुकानातून आणल्यापासून काचेवरची प्लास्टिकची झिल्ली काढायची राहिली आहे.