चाळीस मिनिटांचे आव्हान

"हिला रिकामी बसू देऊ नका हं, ताई. रिकामी बसली की विचारते," असे आधीच्या शाळेतल्या बाई दाखला हातात देताना म्हणाल्या होत्या. शिवणयंत्रावर बसले की भिंगरीच्या आईच्या कानांत ते अजून घुमायचे. भिंगरीने भर वर्गात विचारले होते, की शून्य पहिल्यांदा कुणी आणि कशावरून मोजले. बाईंनी तिला दहाऐवजी तीस गणिते दिली. ती झाली, तेव्हा इतरांच्या वह्या तपासायला दिल्या. त्यात तिने बाईंचीच एक चूक काढली, तेव्हा दाखला दिला.

नवी शाळा खास हुशार मुलांची होती. तिथे रोज चाळीस मिनिटे 'आव्हान' असे, आणि कोण किती मिनिटे आव्हानात होते याची नोंद भिंतीवरच्या तक्त्यावर होई. भिंगरी सहा मिनिटांत मोकळी. उरलेल्या चौतीस मिनिटांबाबत नियमावलीत तरतूद नव्हती. शाळा हातावर हात ठेवून बसली, असे मात्र कुणी म्हणू नये. आधी तीच गणिते बारीक अक्षरांत छापली. मग डाव्या हाताने सोडवायला लावली. मग तिचा बाक ये-जा असते त्या दाराशी नेऊन ठेवला. वेळ नऊ मिनिटांवर गेला आणि प्रगतिपुस्तकात 'समाधानकारक सुधारणा' असा शेरा पडला.

एवढ्यात तपासणी जाहीर झाली. मुख्याध्यापिकांनी आईला बोलावले, पाण्याचा पेला पुढे केला आणि फार मायेने समजावले, की मूल लवकर सुटले तर शाळा कमी पडली असा अर्थ निघतो. शाळा कमी पडली तर मान्यता जाते. आणि मान्यताच गेली तर भिंगरीच्या हुशारीला विचारणार कोण?

"म्हणजे तिनं चुकायचं का?" आईने हळूच विचारले.

"छे हो, ताई. फक्त वेळ घ्यायचा. एवढ्या हुशार मुलीला तेवढंही जमू नये?"

आईला पटले नाही. पण याच्यापुढे दुसरी शाळाच नव्हती. तपासणीच्या सकाळी वेणी घालताना तिने विषय काढला.

"येत असलं तरी?" भिंगरीने विचारले.

"येत असलं तरी."

"मग मी काय करत बसू?"

आईच्या तोंडात दोन पिना होत्या. त्या काढून ती एवढेच म्हणाली, की माझ्यासाठी बस, बाळा. भिंगरीने खूप वेळ विचार केला आणि मग वचन दिले.

वर्गात मागच्या बाकांवर प्रवेशासाठी ताटकळलेले पालक बसले होते, तुमच्याआमच्यासारखेच, मुलांचे भले चिंतणारे. त्यांच्यातच आईलाही बसवले होते. शेजारच्या गृहस्थांनी तिला हलकेच विचारले, की इथे मुलांचा चांगला कस लागतो ना? लागतो, असे आई म्हणाली.

नवव्या मिनिटाला भिंगरीने पेन्सिल खाली ठेवली. तपासनिसांनी चष्मा सावरला. मुख्याध्यापिकांनी आईकडे पाहिले. आईने आपल्या पायांकडे.

भिंगरीने खोडरबर उचलले आणि पहिले उत्तर खोडले.

"बघा, किती मन लावून करते," शेजारचे गृहस्थ कौतुकाने म्हणाले आणि प्रवेशअर्जावर आपल्या मुलाचे नाव लिहू लागले. भिंगरीने फुंकर मारून कागदावरचा चुरा उडवला, आणि तेच उत्तर पुन्हा, अगदी सावकाश, लिहायला घेतले.