पटावर दोन, वर्गात एक

विशेष गरजा असलेल्या बालकांच्या सर्वेक्षणाचा नमुना तालुक्याचा विशेष शिक्षण अधिकारी या नात्याने मी स्वतः तयार केला आहे, हे आरंभीच नम्रपणे नमूद करतो. त्यात 'दृष्टिदोष' आणि 'श्रवणदोष' असे दोन चौकोन असून प्रत्येक बालकापुढे एकाच चौकोनात खूण करावयाची आहे. एखाद्या बालकाला दोन्ही असू शकतात, हे मला विद्यापीठात शिकवले होते. पण नमुना एका पानात बसवायचा होता.

दुसरीतली ती मुलगी काही त्या पानात बसेना.

तिच्या आईची मागणी साधी होती. "सर, तिच्या शेजारी हाताने बोलणारं एक माणूस द्या. घरी मी तळहातावर खुणा करते, तिला सगळं कळतं. इथे दिवसभर बाकाच्या कडेवरून बोट फिरवत बसते. आता तर नाव कमी करू म्हणतायत."

"आधी निदान होऊ द्या," मी म्हणालो.

नेत्रतपासनीसांनी तक्त्यावरची अक्षरे वाचायला सांगितली. मुलीला ते ऐकू आले नाही. त्यांनी लिहिले, 'सहकार्य नाही'. श्रवणतपासनीसांनी आवाज आला की चित्रावर बोट ठेवायचे, असे खुणेने दाखवले. मुलीला ते दिसले नाही. त्यांनीही लिहिले, 'सहकार्य नाही'. दोन तज्ज्ञांचे इतके एकमत मी सेवेत प्रथमच पाहत होतो.

"अहो, पण तिचा हात धरून कोणी समजावलं का?" आईने विचारले.

"स्पर्शाने सूचना दिल्यास चाचणीच्या वैधतेस बाधा येते." हे वाक्य माझ्याच प्रबंधातले आहे.

तरीही माझे मन द्रवले. मी मुलीची नोंद दोनदा केली: एकदा दृष्टिदोष, एकदा श्रवणदोष. दोन बालकांना दोन विशेष शिक्षक मंजूर झाले. पहिले गोड आवाजात गोष्टी सांगत. दुसऱ्या बाई चार हात लांबून हवेत सुरेख खुणा करत. दोघांच्या मधोमध मुलगी बाकाच्या कडेवरून बोट फिरवत असे. दोन्ही मासिक अहवालांत प्रगती समाधानकारक होती.

मग तपासणी आली.

"पटावर दोघी, वर्गात एकच? दुसरी कुठंय?" तपासणी अधिकाऱ्यांनी विचारले.

"दीर्घ रजेवर," मी म्हणालो.

संगणकाला मात्र ते पटले नाही. जन्मतारीख तीच, आई तीच. म्हणजे नोंदी बनावट. त्याने दोन्ही नावे उडवली. शिक्षकांच्या बदल्या झाल्या.

आठवड्याने कळले, आई रोज वर्गात येऊन मुलीशेजारी बसते. बाहेरच्या व्यक्तीस वर्गात मनाई आहे. मी नोटीस घेऊन गेलो.

वर्गशिक्षिका हाताचा खडू पुसत म्हणाल्या, "सर, मुलगी पटावर नाहीच ना? मग तिच्याजवळ कोणी बसावं, याचा नियम मला कुठे सापडेना. तेवढा दाखवा."

मी नियम आठवू लागलो. तेवढ्यात मुलीने माझा हात चाचपला, मनगटापर्यंत बोटांनी नीट पाहून घेतला आणि माझ्या तळहातावर मूठ आपटली. शेजारच्या बाकावरची दोन मुले हसली. एकाने लगेच तीच खूण तिच्या हातावर केली, आणि तीही हसली.

"काय म्हणते?"

आई अवघडली. "ती प्रत्येकाला एक खूण देते, सर. बाईंची बांगडी. तुमची... शिक्का."

नोटीस मी खिशात ठेवली. द्यायची कोणाला? कागदोपत्री तिथे कोणी नव्हतेच.

वार्षिक अहवालात मी लिहिले: बधिरांध बालके, शून्य. वरून एकही शंका आली नाही. तुम्हीही घेणार नाही, याची मला खात्री आहे. तुमच्या मुलांच्या शाळेत असे एखादे मूल तुम्ही कधी पाहिले आहे का?