हेजहॉग निद्रा संरक्षण उपसमिती

एडिनबरामधल्या आमच्या मराठी मंडळाचं सगळं सामान डॉ. पद्माकर यांच्या बागेतल्या शेडमध्ये असतं. १९८८ साली संक्रांतीच्या हळदीकुंकवाची ताटं काढायला त्यांच्या पत्नी अलकाताई तिथे गेल्या, तर गणपतीच्या मखरात, सुक्या पानांच्या ढिगात, हेजहॉग नावाचा एक वीतभर काटेरी प्राणी अंगाचा गोळा करून पडलेला.

डॉक्टर हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि ते गंभीर झाले. "मिनिटाला जेमतेम वीस ठोके. अंग गारठलंय. अर्जंट केस आहे." त्यांच्या पेशंटांना तपासणीसाठी आठ-आठ महिने थांबावं लागे. हेजहॉगने अपॉइंटमेंट मागितली नव्हती, म्हणून त्याचा नंबर लगेच लागला.

हीटरपाशी ठेवल्यावर काही तासांनी त्याने डोळे उघडले. आता तो पाहुणा झाला. अलकाताईंनी डिंकाचा लाडू पुढे केला. त्याने तोंड फिरवलं.

"लाजतोय," अलकाताई म्हणाल्या. "पहिल्यांदा सगळे नाहीच म्हणतात."

शेवटी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या करवादल्या. हा प्राणी अंगातली चरबी पुरवून पुरवून हिवाळाभर झोपतो, तुम्ही उठवत राहिलात तर तो वसंत ऋतू बघणार नाही, गार जागी ठेवा आणि त्याच्या वाटेला जाऊ नका, असं त्यांनी बजावलं.

हेजहॉग शेडमध्ये परत गेला. पण काहीही न करणं मंडळाच्या घटनेत बसेना. तातडीची सभा होऊन हेजहॉग निद्रा संरक्षण उपसमिती नेमण्यात आली. तो झोपला असल्याची दर तासाला खातरजमा करावी, असं ठरलं.

"काय रे, झोपलास का?" सेक्रेटरी नंदू त्याला हलवून विचारी. उत्तर आलं नाही की पुन्हा विचारी.

हेजहॉग वाळत चालला. अलकाताईंना भरून येई. "अहो, आपल्या मायेनंच मरेल हो बिचारा."

"अगं, उपसमितीचा अहवाल येऊ दे ना," डॉक्टर म्हणाले.

अहवालाआधी वार्षिक सभा आली. त्या दिवशी शेडमधल्या पहाऱ्याच्या पाळीला कोणीच मोकळं नव्हतं, म्हणून हेजहॉगला खोक्यात घालून चर्चच्या हॉलमध्ये आणलं. काटकसर म्हणून हीटिंग बंद होतं. अध्यक्ष श्रीनिवासराव कार्याचा आढावा वाचायला उभे राहिले. पहिल्या पानाला हेजहॉगने पाय आत घेतले. दुसऱ्या पानाला नाक. तिसऱ्या पानाला त्याचा श्वास संथ झाला, आणि झोपलास का म्हणून विचारायला कोणी आलं नाही, कारण नंदूची हनुवटी तोवर छातीला टेकली होती. उपसमितीही घोरत होती, आणि मागोमाग सगळा हॉल.

वर्गणी दुप्पट, निवडणुका बंद, अध्यक्षपद तहहयात. श्रीनिवासरावांनी तिन्ही ठराव मांडले, कोणाचा विरोध आहे का विचारलं, आणि सर्वानुमते मंजूर म्हणून लिहून टाकलं.

सभेनंतर खोकं शेडमध्ये परत गेलं, उपसमितीला मात्र पुन्हा जाग आली नाही. हेजहॉग एप्रिलमध्ये उठला आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता कुंपणाखालून निघून गेला. आम्ही मात्र अजून दुप्पट वर्गणी भरतोय. हसताय? हसा. पण तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत तुम्ही कशाला हात वर केलात, तेवढं सांगा बघू.